गुडघाभर बकुळ

१

सकाळचा चहा झाला की सामंतसर मातीत बोट खुपसायला निघत.

घाटकोपरच्या पंतनगरातल्या त्यांच्या गल्लीत जुलैमध्ये बकुळीची रोपं लावली होती. एकेका रोपाशी थांबायचं, गुडघ्यावर हात टेकून वाकायचं, खोडाजवळ बोट घालून पाहायचं. माती आत ओली लागली तर पुढे. कोरडी लागली तर हातातल्या बाटलीतलं पाणी. मग बोट पँटला पुसायचं. माधुरीबाई त्या पँटवरून रोज बोलायच्या आणि रोज ती धुवायच्या.

"काय सर, पोरांची नाडी बरी आहे ना?" सोसायटीचे सेक्रेटरी सहदेव परब दुधाची पिशवी हलवत विचारायचे. "आमच्या बीपीकडे एवढं कोणी बघत नाही."

"बघतो. यांनी मुळं धरली की तुमच्याकडे येतो."

गल्लीत पूर्वी मोठाले पर्जन्यवृक्ष होते. कीड लागून ते एकापाठोपाठ वाळले, महापालिकेने तोडून नेले, आणि एका उन्हाळ्यात गल्लीचं टक्कल पडलं. खड्डे आम्ही खणतो, रोपं आम्ही देतो, झाड कोणतं ते तुम्ही ठरवा, असं उद्यान खात्याच्या माणसाने सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी सामंतसरांकडे बघितलं. चंद्रप्रकाश सामंत म्हणजे जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेला, झाडांच्या मुळांवर पीएचडी केलेला माणूस. तो गल्लीत असताना दुसऱ्या कोणाला कशाला विचारायचं?

आणि सरांची झोप उडाली. साधी मेथीची जुडी घेतली तरी बदलून घ्यायला परत फिरणारा हा माणूस. गुलमोहर दिसतो छान, पण वादळात आडवा होतो; खाली कोणी असलं तर? पिंपळ भिंती फोडतो. नारळ कोणाच्या टाळक्यात पडला तर? अशोक म्हणून जो मिळतो तो नुसता खांब, त्याची सावली त्याला स्वतःलाही पुरत नाही. शेवटी बकुळ. मूळ खोल जातं, फूटपाथ उचलत नाही. फांद्या चिवट. पानं एकदम गळून गल्ली उघडी पडत नाही. फुलांना वास. खोट एकच, ती वाढते अगदी सावकाश.

निवड चुकली नव्हती. हे त्यांनी पुढे स्वतःला फार वेळा सांगितलं.

२

खड्ड्यांच्या जागा आखल्या त्याही त्यांनीच. चुन्याची फक्की घेऊन, दोन झाडांत सारखं अंतर ठेवत, ते फूटपाथवर गोल काढत निघाले. मागे परब आणि गल्लीतली चार रिकामी मंडळी. एक गोल नेमका नंदा साळव्यांच्या खिडकीसमोर आला.

नंदाताई तळमजल्यावर राहायच्या. मुलगा आखातात, सून दर्शना साकीनाक्याला एका वर्कशॉपात पॅकिंगच्या कामावर. स्वतः सत्तरीला टेकलेल्या, पण खिडकीत शिलाई मशीन मांडून दिवसभर बसलेल्या असायच्या. साड्यांना फॉल लावायचा, ब्लाउज उसवायचे, पोरांच्या चड्ड्यांना चेन बसवायची. सकाळपासून दुपारपर्यंत ऊन थेट मशीनवर यायचं. त्या उजेडात नंदाताई चष्म्याशिवाय सुई ओवायच्या आणि गल्लीतल्या पोरींना मुद्दाम दाखवायच्या, "बघ गं, जमतं का तुला?"

त्या बाहेर आल्या आणि त्यांनी चपलेने तो गोल पुसून टाकला.

"इथं नको, सर. एवढा एक सोडा."

"नंदाताई, एक सोडला तर ओळ तुटते."

"ओळ तुमची तुटते. उजेड माझा जातो."

सरांनी वाकून पुन्हा फक्की सोडली. कंबर दुखत होती, मागे माणसं बघत होती, आणि आपलंच बरोबर आहे अशी जी खात्री त्यांना आयुष्यात क्वचित वाटायची, ती नेमकी त्या क्षणी वाटत होती. ते हसून म्हणाले, "अहो, बकुळ आहे ती. तुमच्या खिडकीवर सावली धरायला तिला वीस वर्षं लागतील. तुम्ही कशाला त्याची काळजी करता?"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. पण तोवर परब खदखदून हसले होते. "वीस वर्षांनी आपण सगळेच वरून बघणार, सर! शेंडा तरी नीट दिसेल."

सगळे हसले. नंदाताई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या गोलाकडे बघत म्हणाल्या, "लागू देत की वीस वर्षं. पण ती वर्षं माझ्याच खिडकीतून कशाला न्यायची?"

मग त्या आत गेल्या आणि मशीनचा आवाज सुरू झाला.

घरी आल्यावर सरांना वाटलं, जाऊन माफी मागावी. पण माफी मागायची म्हणजे ते वाक्य पुन्हा तोंडातून काढायचं. आज नको, उद्या, असं करता करता ते राहिलं.

३

ऑक्टोबरचं ऊन असं पडलं की रोपांभोवतीच्या आळ्यांना भेगा पडल्या. सरांना एक बाटली पुरेना, ते दोन नेऊ लागले. फक्त नंदाताईंच्या खिडकीसमोरच्या रोपाला पाणी लागत नव्हतं.

बोट घातलं की माती गार. नुसती ओली नाही. काळी, मऊ, पानं कुजून झालेली, रानात एखाद्या जुन्या झाडाखाली सापडते तशी. सरांनी बोट नाकाशी नेलं. वर्षानुवर्षं ऊन न लागलेल्या जागेचा वास. नंदाताई भांड्यांचं पाणी टाकत असतील, असं त्यांनी ठरवून टाकलं. रोप मात्र लावलं तेव्हा होतं तेवढंच होतं, गुडघाभर. शेजारच्या रोपांना निदान तांबूस पालवी आली होती, याला तीही नाही.

घरी आले तर माधुरीबाई पिशवीतून साड्या परत काढत होत्या.

"झाला फॉल लावून?"

"कुठला! नंदाताई म्हणाल्या, सुईच ओवता येत नाही. उजेड गेला."

"कसला उजेड गेला?"

"अहो, तुमच्या झाडाने. सावली येते म्हणे घरात." माधुरीबाईंना हसू आलं. "मी म्हटलं, ताई, एवढंसं रोप ते. त्याच्या सावलीत मांजर बसलं तर शेपूट उन्हात राहील."

"मग काय म्हणाल्या?"

"काही नाही, माझ्याकडे बघत राहिल्या." माधुरीबाईंनी साडीची घडी पुन्हा घातली. "म्हाताऱ्या दिसायला लागल्या हो. एकदम."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी सर तिकडे गेले. आत जाण्याआधी त्यांनी खिडकी बाहेरून नीट पाहून घेतली. ऊन गजांवर सरळ पडलं होतं, गजाला हात लावला तर चटका बसला. आड येणारी इमारत नाही, ताडपत्री नाही, वर छज्जा नाही. वय झालं बिचारीचं, असं ते मनात म्हणाले आणि त्यांना हलकं वाटलं.

दार उघडंच होतं. चपला काढून त्यांनी आत पाऊल टाकलं, तर लादी पायाला गार लागली.

खोलीत सावली होती.

अंधार नव्हे. अंधार असता तर बल्ब गेला म्हणता आलं असतं. ही सावलीच होती, हिरवट, दाट, आणि तिच्यात उन्हाचे बारीक कवडसे. समोरच्या भिंतीवर, कपाटावर, मशीनवर टाकलेल्या फडक्यावर पानांच्या सावल्या हलत होत्या. लांबट पान, कडा किंचित लहरी, टोक निमुळतं. सरांना ओळखायला वेळ लागला नाही. बकुळच ती. पुरी वाढलेली.

बाहेर वाऱ्याचा पत्ता नव्हता.

"बसा, सर," नंदाताई म्हणाल्या. हात मांडीत घेऊन त्या मशीनपाशी बसल्या होत्या. "चहा टाकते."

"नको, नको. जरा ट्यूब लावता का?"

नंदाताईंनी बटण दाबलं. ट्यूब लागली. भिंत उजळली, आणि पानांच्या सावल्या तिच्यावर तशाच राहिल्या.

सर खिडकीशी गेले. त्यांनी हात गजांबाहेर काढला. तळवा उन्हात तापला. हात आत घेतला, गार. मग खिडकी आणि भिंतीच्या मधे त्यांनी तो बोटं पसरून धरला, वर्गात मुलांना काहीतरी साधं समजावून सांगताना धरावा तसा. भिंतीवर पानं हलत राहिली. हाताची सावली काही पडली नाही.

त्यांनी हात खिशात घातला.

"आवाजपण येतो," नंदाताई म्हणाल्या. "दुपारचं टपकन काहीतरी पडतं. पिकलेलं फळ पडावं तसं. बघायला गेलं की काही नसतं."

तेवढ्यात वर कुठेतरी सळसळ झाली. छतात नव्हे, छताच्याही वर, चार मजल्यांच्याही वर वाटावी इतकी उंच. झाली आणि थांबली.

दोघांनी एकदमच वर पाहिलं होतं. सरांनी नजर खाली आणली, आणि त्यांनी वर पाहिलं होतं हे नंदाताईंनी पाहिलं.

५

रविवारी दर्शना सरांच्या घरी आली. उभ्याउभ्याच बोलायला लागली.

"सर, सरळ विचारते, राग मानू नका हं. आई म्हणतात घरात झाडाची सावली येते. मी सकाळी सातला निघते ती रात्री उगवते, मला काय कळणार? सुट्टीच्या दिवशी बघते तर थोडं मळभ आल्यासारखं वाटतं, पण ते मला डोकं दुखत असलं तरी वाटतं. तुम्ही परवा येऊन बसला होतात ना? तुम्ही एवढे शिकलेले. तुम्हाला दिसलं का काही?"

माधुरीबाई पोह्यांची बशी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या होत्या.

दिसलं, असं म्हणायचं. एवढंच होतं. पण दिसलं म्हटलं की पुढचं सगळं आलं. काय दिसलं, कसं दिसलं, मग ते रोप काढा. माधुरी बशी खाली ठेवून आपल्याकडे बघत राहील. परब गल्लीभर सांगेल, सरांचं फिरलं. आणि खरंच फिरलं असेल तर? डोळ्यांची शस्त्रक्रिया आपली झालेली, झोपेची गोळी आपल्याला चालू, परवा चष्मा फ्रिजमध्ये आपणच ठेवला. अशा माणसाने कशाच्या जोरावर सांगायचं की मी पाहिलं?

"मला नाही बुवा काही दिसलं," सर म्हणाले. "डोळे तपासून घे त्यांचे. या वयात मोतीबिंदू असतोच."

दर्शनाचा चेहरा सैल झाला. "मी तेच म्हणते कधीपासून! बरं झालं तुम्ही सांगितलंत. आता ऐकतील. माझं नाही ऐकत, पण तुमचा शब्द म्हणजे शब्द."

ती पोहे खाऊन, आणखी थोडे डब्यात घेऊन गेली. सरांच्या बशीतले तसेच राहिले.

६

मोतीबिंदू निघाला. थोडासाच होता, पण निघाला, आणि सरांना त्याचा इतका आनंद झाला की त्यांनाच त्याची लाज वाटली. शस्त्रक्रिया झाल्यावर ते पपई घेऊन भेटायला गेले.

पाठ वाकलेली, मनगटं काडीसारखी, केस कापसाचे. दाराशी सरांना क्षणभर वाटलं, गावाकडून नंदाताईंची आई आली असावी.

"कसं दिसतंय आता?" त्यांनी जरा मोठ्याने विचारलं, कारण पहिल्या वेळी नंदाताईंना ऐकू गेलं नव्हतं.

"लख्ख." त्या भिंतीकडे बघत होत्या. "आधी नुसतंच हिरवं-काळं वाटायचं. आता पानं वेगवेगळी दिसतात."

सरांनीही भिंतीकडे पाहिलं. सावली मागच्यापेक्षा दाट झाली होती. कवडसे कमी होते.

"सर, दर्शनाला तुम्ही म्हणालात, तुम्हाला दिसत नाही. खरंच नाही का दिसत?"

"नंदाताई, असं आहे, प्रकाशाचं म्हणजे शास्त्र असं की..."

"राहू द्या." त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तुम्ही त्या दिवशी वर बघितलंत, म्हणून वाटलं होतं. आणखी एकाला तरी दिसतंय म्हटलं की बसवतं हो माणसाला. एकटीला भीती वाटते."

सर पपई ओट्यावर ठेवून निघाले.

त्यानंतर ते समोरच्या फूटपाथने जाऊ लागले. त्या एका रोपाची माती बघायचं त्यांनी सोडलं. अशातच मुलुंडहून एका वसाहतीची माणसं गल्ली बघायला आली, मग बोरिवलीची आली. रस्त्याकडेला काय लावावं, किती अंतरावर लावावं, असं विचारून त्यांनी सरांना मधे घेऊन फोटो काढला. परबांनी तो मोबाईलवर सगळ्यांना पाठवला. फोटोत सर हसत होते, पायाशी ते रोप होतं, आणि मागची खिडकी भर उन्हात काळी दिसत होती. इतर खिडक्यांमधून पडदे, भांडी, टीव्ही दिसत होते.

रोज सकाळी बोटाचा मळ धुताना त्यांना वाटायचं, आज जाऊन उपटावं. गुडघाभर रोप ते, त्याला कितीसा वेळ लागणार? पण रोप उपटलं आणि सावली गेली, तर ती रोपाचीच होती असं ठरायचं. मग ते तिथे लावलं कोणी, आणि दिसूनही नाही कोण म्हणालं? उपटलं आणि नाही गेली तर, याचा विचार त्यांनी केला नाही. सावली काही आठवड्यांत किती वर्षं पुढे गेली आणि त्यासोबत दुसरं काय पुढे गेलं, हे गणित सोपं होतं. ते त्यांनी मांडलं नाही, एवढंच.

७

डिसेंबरात एका दुपारी माधुरीबाई नंदाताईंकडे तिळाची चटणी देऊन आल्या आणि पंखा लावून खुर्चीत टेकल्या.

"काय झालं?"

"ओळखलं नाही त्यांनी मला. दिवाळीत मला चकलीची भाजणी सांगत होती हो ती बाई. आता नव्वदीची वाटते. दर्शना म्हणाली, डॉक्टर म्हणतात रिपोर्ट सगळे चांगले आहेत, वयच झालंय. कागदावरचं वय सांगितलं तर हसले म्हणे, गावाकडे लिहिताना चुकलं असेल." त्या थांबल्या. "अहो, कुठे निघालात?"

सरांनी कुंड्यांमधलं खुरपं घेतलं होतं.

गल्लीत परब खुर्ची टाकून ऊन खात बसले होते. सर त्या रोपापाशी गुडघे टेकून बसले, तेव्हा ते उठून आले. "काय सर, तण काढताय?"

"रोप काढतोय."

"अहो! काढताय काय? मुलुंडवाले आपला फोटो लावून बसलेत. झाडाला हात लावायचा तर परवानगी लागते, तुम्हीच सांगितलंत ना मला?" सर थांबत नाहीत असं दिसल्यावर परबांच्या तोंडून मालवणी निघाली. "झाडां काय पळान जातली? उद्या बघूया. तुमचो रंग बघा, घामाघूम झालात."

सर खणत राहिले. मूळ खोल गेलं असणार, चिवट असणार, याची त्यांनी मनाची तयारी केली होती. त्यांनी दोन्ही हातांनी रोप धरून ओढलं आणि ते अलगद वर आलं, इतकं की सर मागे बसले. मुळांभोवतीची माती अजून रोपवाटिकेतल्या पिशवीच्याच आकाराची होती. तिच्याबाहेर एक तंतूही गेला नव्हता. जुलैपासून ते रोप जमिनीत वाढलंच नव्हतं.

त्याच क्षणी खिडकीतून बारीकसा आवाज आला. फार वेळ हातात धरलेलं काहीतरी कोणी खाली ठेवावं तसा.

"नंदाताई?" सरांनी हाक मारली. मग रोप तसंच हातात घेऊन ते आत गेले.

सावली गेली नव्हती. आता तिच्यात एकही कवडसा नव्हता. मशीन दिसत नव्हतं, कपाट दिसत नव्हतं. पानंच दिसत होती, एकावर एक, अगदी जवळ.

"नंदाताई, काढलं मी ते. हे बघा."

त्यांनी रोप पुढे धरलं.

"मला दिसतं, नंदाताई. पहिल्या दिवसापासून दिसत होतं." इतके दिवस न बोललेलं ते वाक्य किती लहान होतं. "दर्शनाला मी खोटं सांगितलं."

वाट बघूनही काही झालं नाही. त्यांनी चाचपडत भिंतीकडे हात नेला. तळव्याला गिलावा लागला नाही. खडबडीत, भेगाळलेलं, ओलसर काहीतरी लागलं, आणि हात सरकवला तशी ती भिंत त्यांच्यापासून वळत गेली, गोल, रुंद, दोन्ही हातांनीही कवेत आली नसती अशी. त्यांनी हात ओढून घेतला.

मागे दार वाजलं.

"अय्या, आज केवढा उजेड पडलाय घरात!" दर्शनाचा आवाज होता, दमलेला पण खूश. "अर्धा दिवस टाकून आले, आईंना डॉक्टरकडे न्यायचंय. सर, तुम्ही? आणि रोप काढलंत? कशाला हो, माझं काही म्हणणं नव्हतं. पण बघा तरी, मशीनवर कसं ऊन आलंय. आई! उठा, बघा."

ती त्यांच्या बाजूने पुढे गेली. पायांचा आवाज सरळ, न चाचपडता, भर उजेडात चालणाऱ्या माणसाचा. सरांना तिची पाठ क्षणभर दिसली, मग तिच्यामागे पानं मिटली.

"आई," ती म्हणाली. आणि मग वेगळ्याच आवाजात, "आई?"

पिशवी पडली. आतला डबा घरंगळत गेल्याचं ऐकू आलं.

"सर, या ना इकडे! असे उभे काय? धरा यांना, मला एकटीला उचलत नाहीत. सर!"

"आलो," सर म्हणाले आणि आवाजाच्या रोखाने निघाले. पायाखाली लादी नव्हती, पानांचा मऊ थर होता. खोली ती केवढीशी, खिडकीपासून कॉटपर्यंत हात लांबवला तर पोचावा. दर्शना त्यांना हाका मारत होती. ते हात पुढे धरून चालत राहिले, आणि तिची प्रत्येक हाक आधीच्यापेक्षा लांबून येत होती.